शंभर शब्दांत एक अशक्य गोष्ट: शशक लिहू पाहणाऱ्यांसाठी

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या अलक, म्हणजे अति लघु कथा, बहुतेक एकाच वाटेने जातात: म्हातारी आई, विसरलेला मुलगा, शेवटच्या ओळीत डोळ्यांत पाणी. जगाचा एखादा नियमच बदलून लिहिलेली छोटी कथा हे वेगळं काम आहे, मग तिला विज्ञानकथा म्हणा, भयकथा म्हणा की अद्भुतकथा. नवख्याने सुरुवात शतशब्दकथेपासून, म्हणजे शशकपासून करावी. नेमके १०० शब्द, ९९ नाहीत आणि १०१ही नाहीत. अलकला असा पक्का आकडा नाही, त्यामुळे तिथे काय कापायचं हा निर्णय टाळता येतो. शशकमध्ये तो टळत नाही.

एका कथेत बदल एकच. कालयंत्र, परग्रहवासी आणि बोलणारं मांजर यांपैकी दोघांना घरी पाठवा. उरलेला बदल वाचकाला पाठ असलेल्या जागेत घडू द्या. ‘ट्रान्स हार्बरची शेवटची गाडी ऐरोलीला थांबली’ एवढं म्हटलं की फलाट, खाडीचा वास, आयटी पार्कमधून सुटलेले पेंगुळलेले चेहरे हे सगळं ठाण्या-नवी मुंबईचा वाचक स्वतःच पुरवतो. ‘क्षेत्र झेड-९ मधलं स्थानक’ म्हटलं की तेच सगळं तुम्हाला लिहावं लागतं, आणि त्यात तीस-चाळीस शब्द सहज जातात. दूरच्या आकाशगंगा वाईट नाहीत, फक्त शंभर शब्दांना त्या महाग पडतात.

बदल शोधायला आपल्याकडे खरं सामान भरपूर आहे. नवी मुंबईचे बरेच नोड (वसाहती) भराव घातलेल्या, उधाणाच्या भरतीपेक्षा सखल जमिनीवर आहेत. म्हणून हे शहर वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाने धारण तलाव बांधले. भरती आली की खाडीकडच्या झडपा मिटतात, पावसाचं पाणी तलावात थांबतं आणि ओहोटीला खाडीत जातं. आता एकच प्रश्न विचारा: झडपा कायमच्या उघड्या राहिल्या तर? लगेच कथा लिहू नका, आधी त्या बदलाचा हिशेब मांडा. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटांचं अंतर असतं, म्हणून भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. समजा, तळमजले फक्त ओहोटीच्या तासांसाठी भाड्याने मिळतात. मग त्या भाडेकरूची झोप रोज ५० मिनिटांनी सरकते आणि पंधरवड्याने पुन्हा जुन्या वेळेवर येते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी कमी चढतं. म्हणजे साखरपुडे अष्टमीला. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा पाहुणे नकोत. असे आठ-दहा परिणाम कागदावर उतरवा आणि त्यांतला एकच निवडा, शक्यतो सगळ्यात घरगुती.

त्या यादीतून निघालेला नमुना असा:

सोसायटीची सूचना: तळमजल्याच्या भाडेकरूंनी उधाणाच्या दिवशी गाद्या जिन्यात ठेवू नयेत. जिना स्वतंत्र भाड्याने दिला आहे.

पंधरा शब्द. पूर का आला, कुठलं साल, सरकारने काय केलं, यातलं काहीच नाही, तरी शहर उभं राहतं. सूचना, पावती, स्थानकावरची उद्घोषणा, हरवल्याची जाहिरात असे तयार साचे वापरले की कोण बोलतंय आणि कुणाशी, हे सांगण्याचे शब्द वाचतात. मात्र प्रत्येक कथा सूचनेच्या रूपात आली की वाचक कंटाळतो.

संपूर्ण शशकसाठी ढोबळ वाटणी धरा: पहिल्या २० ते २५ शब्दांत जागा, माणूस आणि बदलाची चाहूल, मधल्या ५० मध्ये माणसाची अडचण, उरलेल्यांत निर्णय किंवा परिणाम. पहिला खर्डा १४० ते १६० शब्दांचा होऊ द्या. थेट शंभरात लिहायला गेलं की वाक्यं टपालाच्या जुन्या तारेसारखी तुटक होतात. मग ‘अचानक’, ‘जणू’, ‘एकदम’, ‘त्याला जाणवलं की’ यांवर काट मारा. ‘बसला होता’ची जागा ‘बसला’ भागवतो का पाहा. नवे घडवलेले शब्द फार तर दोन.

मराठीचं व्याकरण इथे फुकटात कामं करतं. ‘येते हं, वहिनी’ या तीन शब्दांत बोलणारीचं लिंग, नातं आणि निरोप तिन्ही येतात, ‘ती म्हणाली’ लिहावंच लागत नाही. पण हेच व्याकरण रहस्य फोडतं. निवेदक माणूस नाही हे लपवायचं असेल तर ‘मी आलो’, ‘मी पाहते’ अशी रूपं लगेच लिंग सांगतात, आणि ‘मी आलं’ म्हटलं तर पहिल्याच ओळीत खेळ संपला. उपाय सकर्मक क्रियापदांच्या भूतकाळात आहे. ‘मी दार उघडलं’, ‘मी दिवा लावला’ यांत क्रियापद दार आणि दिव्याप्रमाणे चालतं, निवेदकाबद्दल चकार शब्द काढत नाही. अनेकांच्या कथा नेमक्या एका ‘गेलो’मुळे फुटतात, म्हणून शेवटचं वाचन फक्त क्रियापदांसाठी करा.

शेवटाबद्दल आमचं मत जरा कडक आहे. ‘...आणि तो रोबोट होता’, ‘...आणि तिला जाग आली’, ‘...कारण तो मेलेलाच होता’ हे तिन्ही वाचकाने इतक्यांदा पाहिलेत की मधल्या ओळीतच ओळखतो. हे शेवट फसतात कारण ते मागे वळून फक्त माहिती देतात, पुढे काहीच घडत नाही. ती माहिती तिसऱ्या वाक्यात आणून ठेवा आणि उरलेल्या जागेत त्या रोबोटला रेशन कार्डाच्या रांगेत उभं करा. कथा बहुधा तिथेच सुरू होते.

मोजणीत होणारी चूक ठरलेली. शब्दयोगी अव्यय जोडून लिहायचं: ‘घरासमोर’ एक शब्द आहे, ‘घरा समोर’ ही चूक आहे आणि ती आकडाही वाढवते. शब्द मोजणारं सॉफ्टवेअर रिकाम्या जागा पाहतं, त्यामुळे दोन्ही बाजूंना जागा सोडून टाकलेली रेघही शब्दांत धरली जाऊ शकते. शीर्षक धरायचं की नाही हे स्पर्धेच्या नियमांत बघा. एक्सवर टाकणार असाल तर हिशेब वेगळा. तिथे मोफत खात्याला २८० चिन्हांची मर्यादा आहे आणि काना, वेलांटी, हलन्त सुटे मोजले जातात. ‘क्षितिज’ डोळ्यांना तीन अक्षरं दिसतं, पण मोजणीत सात भरतं. म्हणजे हातात साधारण चाळीस-पंचेचाळीस शब्द.

टाकण्याआधी चार-पाच जणांना वाचायला द्या, पण ‘कशी वाटली?’ विचारू नका. उत्तर ‘मस्त’ येतं आणि त्याचा उपयोग शून्य. ‘शेवटी काय झालं ते एका वाक्यात सांग’ म्हणा. निम्म्यांना जरी सांगता आलं नाही तरी दोष वाचकाचा नाही, बदलाचा उल्लेख उशिरा आलाय किंवा पुसट आहे. एखादा वाचक ठाण्याबाहेरचा निवडा. त्याला ठाण्याची तलावपाळी माहीत नसूनही कथा कळली तर जागेचं नाव बरोबर वापरलंय.

मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा, जुन्या डीटीपी फॉन्टमधला मजकूर दुसरीकडे चिकटवला की कचरा होतो. चित्रावर कथा टाकताना फोटोशॉपमध्ये वेलांटी भलतीकडे गेली किंवा जोडाक्षरं फुटली, तर टाइपच्या सेटिंगमध्ये ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ निवडा. मुक्ता, बलू हे मोफत फॉन्ट मोबाइलवर नीट वाचता येतात. चित्राचा फायदा असा की फॉरवर्ड होताना नाव सुटत नाही. तोटा असा की कथा शोधून सापडत नाही आणि स्क्रीन रीडर वापरणाऱ्याला ती वाचता येत नाही. म्हणून चित्राखाली मजकूरही द्या.

नाव कापून कथा फिरते, हे धरूनच चाला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लिहिल्याक्षणी हक्क तुमचा असतो, नोंदणी सक्तीची नाही, मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. कल्पनेवर मात्र हक्क नसतो, शब्दांवर असतो. तारखेसह मूळ फाइल जपून ठेवा.

स्पर्धेला किंवा दिवाळी अंकाला पाठवायची कथा ग्रुपवर टाकू नका. ‘पूर्वप्रकाशित नसावी’ या अटीत समाजमाध्यमंही अनेकदा धरली जातात. दिवाळी अंकांची जुळवाजुळव पावसाळ्यातच होते, गणपतीनंतर पाठवलेली कथा बहुधा पुढच्या वर्षावर जाते. टोपणनाव चालतं: १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णू नारळीकरांनी कथा पाठवली ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. फक्त बक्षिसाचा धनादेश कुणाच्या नावाने काढायचा, ते सोबतच्या पत्रात खऱ्या नावासह लिहा.