सेकंडहँड रीफ टँक घरी उभा करताय? या चुका टाळा

जुना रीफ टँक, म्हणजे कोरल (प्रवाळ) आणि समुद्री मासे ठेवायची खाऱ्या पाण्याची काचपेटी, घरी आला की पहिली घाई होते ती तो लखलखीत करण्याची. काच घासली, पाणी भरलं, दिवे लावले, की अर्धं काम झाल्यासारखं वाटतं. पण काच हा त्या टँकचा सर्वांत निरुपद्रवी भाग. आधीच्या मालकाने घातलेली औषधं, वर्षानुवर्षं पडलेलं खाद्य, गंजलेलं लोखंड हे सगळं दगडात, वाळूत आणि पंपांच्या पोटात मुरलेलं असतं. ते लगेच दिसत नाही. दोन-तीन महिन्यांनी, कोरल टँकमध्ये सोडून झाल्यावर, बाहेर येतं. म्हणून जुना टँक घेताना मी नेहमी हेच विचारतो: यात काय मुरलंय?

आणतानाच होणारी चूक

तळाशी थोडं पाणी आणि वाळू ठेवून टँक तसाच उचलतात. तळाची काच त्या वजनाने किंचित पिळली जाते आणि सिलिकॉनचा सांधा सुटतो. टँक पूर्ण रिकामा करूनच हलवा.

जुनी वाळू मात्र घरी आणूच नका. धुऊन वापरणारे लोक आहेत आणि काहींची ती चालूनही जाते, पण माझं मत पक्कं आहे: टाकून द्या. खालचा थर ढवळला की कुजक्या अंड्यांसारखा वास येतो, तो हायड्रोजन सल्फाइडचा. त्याच्यासोबत साठलेला गाळ पाण्यात मिसळला की अमोनिया वाढतो. उपयोगी जिवाणू दगडात भरपूर असतात, त्यांच्यासाठी वाळू जपायची गरज नाही.

गळती दोन ठिकाणची

टँक सपाट जागेवर ठेवून साध्या पाण्याने काठोकाठ भरा आणि किमान ४८ तास, जमल्यास आठवडाभर तसाच ठेवा. रोज खालच्या कडेने कोरडा टिश्यू पेपर दाबून फिरवा. डोळ्याला न दिसणारा ओलावा कागदाला लगेच कळतो. गळती सापडली तर जुन्या सिलिकॉनवर नवा थर ओढू नका, तो धरत नाही. आतली पट्टी ब्लेडने पूर्ण काढा, काच अल्कोहोलने पुसा आणि बुरशीनाशक नसलेलं सिलिकॉन सगळीकडे एकाच वेळी भरा. सांधा दोन काचांच्या मधूनच सुटला असेल तर असली मलमपट्टी पुरत नाही.

दुसरी गळती वीज गेल्यावर कळते. पाणी वर परत पाठवणारा रिटर्न पंप थांबला की वरच्या टँकमधलं पाणी पाइपातून उलटं संपमध्ये, म्हणजे टँकखालच्या गाळणीच्या टाकीत, उतरतं. संप काठोकाठ भरलेला असेल तर ते जमिनीवर येतं. सगळं सुरू करून मुद्दाम पंप बंद करा, पाणी कुठे थांबतं ते पाहा आणि संपवर तिथली खूण करा. वायरी प्लगमध्ये जाण्याआधी खाली झोळ पडेल अशा लावा, म्हणजे ओघळणारं पाणी प्लगपर्यंत पोचणार नाही. हीटर नवाच घ्या. जुना हीटर कधीकधी बंदच होत नाही आणि एका रात्रीत टँक उकडून निघतो.

दगडाला बादलीत ठेवून तपासा

लाइव्ह रॉक, म्हणजे जिवाणू आणि बारीक जीव वसलेला सच्छिद्र दगड, हाच रीफ टँकचा खरा ऐवज, आणि सगळ्यांत जास्त मुरलेलंही त्याच्यातच असतं. दगड कॅल्शियम कार्बोनेटचा. तो पाण्यातलं फॉस्फेट धरून ठेवतो आणि पुढे कित्येक महिने हळूहळू सोडत राहतो. तांब्याचंही तसंच. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर मालकाने टँकमध्येच तांब्याचं औषध घातलं असेल तर मासे वाचतात, पण त्याच दगडावर पुढे कोळंबी, गोगलगाई आणि कोरल तग धरत नाहीत. विकणाऱ्याला हा प्रश्न थेट विचारा. नीट उत्तर मिळालं नाही तर दगड सोडून द्या.

उत्तर मिळालं तरी एक दगड आठवडाभर बादलीत ठेवून बघा. ताजं खारं पाणी, छोटा पंप, हीटर, बस. आठव्या दिवशी अमोनिया, फॉस्फेट आणि तांबं मोजा. अमोनिया असेल तर दगडावरचे जीव मरून कुजताहेत, त्याला अजून वेळ द्या. फॉस्फेट जास्त असेल तर पाणी बदलून पुन्हा मोजा. दर वेळी आकडा वर चढत असेल तर नवा कोरडा दगड घेणं बरं. तांबं सापडलं तर तो दगड या टँकसाठी संपला.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. दगड कधीही उकळू नका, गरम पाण्याने किंवा प्रेशरच्या फवाऱ्याने धुऊ नका. त्यावर चिकटलेल्या झोअँथिड आणि पॅलिथोआ जातीच्या काही कोरलमध्ये पॅलिटॉक्सिन असतं, अत्यंत जहाल विष. त्याच्या वाफेने किंवा तुषारांनी अख्ख्या कुटुंबांना रुग्णालयात जावं लागल्याच्या नोंदी आहेत. हातमोजे आणि चष्मा घाला, हाताला जखम असेल तर काम पुढे ढकला, मुलांना आणि पाळीव प्राण्यांना लांब ठेवा. काचेवरचा चुन्याचा थर व्हिनेगरने निघतो, पण व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र येऊ देऊ नका, क्लोरीन वायू तयार होतो.

मासे ठणठणीत, गोगलगाई मात्र उताण्या

माझ्या एका जुन्या टँकमध्ये दोन महिन्यांनी हे झालं. अमोनिया शून्य, क्षारता (खारेपणा) ३५ पीपीटी, म्हणजे हजारात ३५ भाग मीठ, मासे खायला धावत होते. पण गोगलगाई काचेवरून सुटून तळाशी उताण्या पडायच्या, सरळ केल्या तरी संध्याकाळी पुन्हा तशाच. मी पाणी बदलत राहिलो. शेवटी टँकसोबत आलेला वेव्हमेकर (पाणी हलतं ठेवणारा पंप) बाहेर काढला आणि त्याच्या चुंबकाची टोपी अंगठ्याने दाबली. केसाएवढी चीर होती, तिच्यातून गंजाचं तपकिरी पाणी बोटावर आलं. तो काढला, धातू शोषणारं रेझिन आणि कार्बन लावला, मोठाले पाणीबदल केले, तेव्हा कुठे नंतर आणलेल्या गोगलगाई टिकल्या. म्हणून प्रत्येक चुंबक, क्लिप, स्क्रू हातात घेऊन बघा. कवच फुगलेलं किंवा डागाळलेलं दिसलं तर ती वस्तू बाजूला काढा. पंपाचे पंखे मात्र टाकायची घाई नको. व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवले की चुन्याचा खडबडीत थर बुडबुडे काढत सुटतो आणि आवाज करणारा पंप पुन्हा गुपचूप चालतो.

पाणी आणि घाई

नळाचं पाणी वापरू नका. त्यातल्या सिलिकेट आणि फॉस्फेटवर शेवाळ पोसतं. आरओडीआय गाळणीचं, टीडीएस (पाण्यात विरघळलेले पदार्थ) शून्य दाखवणारं पाणीच हवं. मीठ नेहमी पाण्यात टाका, मिठावर पाणी ओतलंत तर कॅल्शियम साका होऊन बसतं. रिफ्रॅक्टोमीटर (खारेपणा मोजायचं यंत्र) ३५ पीपीटीच्या द्रावणाने जुळवून घ्या, जुन्या टँकसोबत आलेल्या यंत्राच्या आकड्यावर भरवसा ठेवू नका. बाष्पीभवनाने घटलेलं पाणी भरताना खारं नको, साधं शुद्ध पाणीच भरा. मीठ उडून जात नाही, पाणीच उडतं.

ओला दगड वापरला तरी जिवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात ती साखळी बसेपर्यंत थांबावंच लागतं. कोरडा दगड असेल तर साधारण ४ ते ६ आठवडे. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सगळीकडे तपकिरी भुकटी पसरते, ती डायटम या सूक्ष्म शेवाळाची. ती आपोआप ओसरते, रसायनं ओतू नका. बुडबुडे अडकलेले चिकट, तपकिरी तंतू लोंबायला लागले तर प्रकरण वेगळं आहे. ते बहुधा डायनोफ्लॅजेलेट हे एकपेशी जीव असतात, आणि पाणी 'अतिस्वच्छ' करण्याच्या हट्टातून नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर आलं की ते फोफावतात. अशा वेळी स्किमर (फेसासोबत घाण काढणारं यंत्र) आणि फॉस्फेट काढणारी माध्यमं मागे घ्या, नायट्रेट ५ पीपीएमच्या (दहा लाखांत ५ भाग) आणि फॉस्फेट ०.०५ पीपीएमच्या आसपास येऊ द्या. एप्टेशिया (उपद्रवी समुद्री ॲनिमोन) दिसला तर तो खरवडू नका, त्याच्या तुकड्यातुकड्यातून नवा उगवतो. चुन्याची लापशी सिरिंजने थेट तोंडावर सोडा.

टँकसोबत आलेले कोरल असतील तर त्यांना नव्या दिव्यांच्या पूर्ण उजेडात लगेच ठेवू नका. मालकाच्या जुन्या, मंदावलेल्या ट्यूबखाली ते वाढलेले असतात, आणि प्रखर उजेडात काही दिवसांतच पांढरे पडतात. तळाशी ठेवा, दिवे ३० टक्क्यांवर सुरू करा आणि दर आठवड्याला थोडेथोडे वाढवा. क्षारता, तापमान आणि अल्कलिनिटी (पाण्यातला कार्बोनेटचा साठा) एवढं जरी महिनाभर जागच्या जागी राहिलं, तरी त्यांचे मिटलेले पॉलिप (कोरलचे इवले, फुलासारखे जीव) हळूहळू उघडायला लागतात.