सामन्यात तंद्री लागावी म्हणून सरावात काय करावं

मी बॅडमिंटन शिकवते. सामना जवळ आला की मुलं विचारतात, "मॅडम, फ्लो कसा आणायचा?" फ्लो म्हणजे खेळात पूर्ण बुडून जाणं, तीच ही तंद्री. तो हुकमी आणता येत नाही. त्याच्यासाठी जागा मात्र करून ठेवता येते, आणि ती सरावातच होते.

आधी आव्हान जोखा. मानसशास्त्रज्ञ मिहाय चिक्सेंटमिहाय यांनी १९७०च्या दशकात गिर्यारोहक, बुद्धिबळपटू, नर्तक यांना बोलतं केलं आणि मांडलं, की कसब आणि आव्हान तोडीस तोड असलं की माणूस कामात बुडून जातो. फार सोपं असेल तर कंटाळा येतो, झेपेनासं झालं की धास्ती बसते. म्हणून समोरचा कच्चा असेल तर त्याच्या फक्त अर्ध्या कोर्टात मारा. तो भारी असेल तर जिंकण्याचं सोडा, प्रत्येक क्लिअर, म्हणजे उंच आणि खोल फटका, मागच्या रेषेपर्यंत पोचवायचा एवढंच धरा.

मग लक्ष. माझ्या मते सगळ्यात जास्त सामने इथेच हातचे जातात. ताण आला की नजर स्वतःकडे वळते: कोपर वर आहे ना, मनगट वळलं का? हात बसलेला फटका ऐन सामन्यात असा तपासायला घेतला की बिघडतो. लक्ष बाहेर ठेवा, शटलच्या बुचावर, किंवा जिथे टाकायचंय त्या कोपऱ्यावर.

दोन रॅलींमधले काही सेकंद तर सोन्यासारखे. गुण मिळो वा जावो, पाठ फिरवा. रॅकेटच्या तारा बोटांनी सारख्या करा. श्वास घ्या आणि घेतला त्याहून सावकाश सोडा. पुढचं शटल कुठे टाकायचं ते ठरवा, मगच वळा. क्रम बदलू नका. साध्या सरावातही हेच करा, नाहीतर दडपणाखाली तो आठवणार नाही.

आणि तंद्री लागलीच, तर तिच्याकडे बघू नका. १९८८च्या मोनॅकोच्या फॉर्म्युला वन मोटारशर्यतीच्या पात्रता फेरीत चालक आयर्टन सेना त्याच्याच संघातल्या प्रोस्टपेक्षा जवळपास दीड सेकंदाने वेगवान होता. आपण जाणीवपूर्वक गाडी चालवतच नाही आहोत हे ध्यानात आलं तेव्हा तो घाबरला आणि सावकाश पिटमध्ये परतला, असं त्यानेच सांगितलंय. तुमचीही तंद्री अशीच तुटेल. तुटली की तिच्यामागे धावू नका. पाठ फिरवा, तारा सारख्या करा, पुढची सर्व्हिस कुठे ते ठरवा.