नर्सिंगला येताय? वॉर्डात अन्याय दिसला तर काय करायचं, माझ्या अनुभवातून

जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) किंवा बीएस्सी करून जॉईन होणाऱ्या मुली (आता मुलंही बरीच येतायत) मला दोनच गोष्टी विचारतात, पगार किती आणि नाईट किती. विचारायलाच पाहिजे. पण पेशंटवर अन्याय होताना दिसला तर मी काय करू हे कुणी विचारत नाही, आणि तो पहिल्या महिन्यातच दिसतो. मला या कामात बारा वर्षं झाली, त्यातली सात लेबर रूमला, म्हणून लिहितेय.

मला तो विद्यार्थिनी असतानाच दिसला. पाड्यावरून आलेली एक बाई, पहिलटकरीण, कळा सहन होत नव्हत्या म्हणून ओरडत होती, तर तिच्या मांडीवर चापट बसली आणि वर "तेव्हा नाही ओरडलीस" हे वाक्य, जे प्रत्येक लेबर रूममधे कधी ना कधी ऐकू येतंच. बाजूच्या टेबलवर एका मास्तरांची बायको होती, तिला त्याच सिस्टर "ताई, झालंच हं आता" म्हणत होत्या. कळा दोघींना सारख्याच होत्या. मी ट्रे धरून गप्प उभी राहिले आणि ते मला अजून लागतं.

आता मी काय करते, तर सिनियरशी तिथंच वाद घालत नाही, सरळ त्या बाईच्या उशाशी जाते, हात धरते आणि म्हणते "सिस्टर, हिला मी बघते, तुम्ही पलीकडचं टेबल घ्या". दहातल्या आठ वेळा तेवढ्यानं काम होतं. उरलेल्या वेळी आधार म्हणून २०१७ चा लक्ष्य कार्यक्रम आहे, त्यात बाईशी सन्मानानं वागणं आणि तिच्या जवळची एक बाई सोबतीला ठेवणं हे सरकारनंच सांगितलंय. म्हंजे आपण काही जगावेगळं मागत नाही.

सरकारी दवाखान्यात असाल तर अजून एक गोष्ट पाठच करा. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून आहे, त्यात बाळंतपण, सिझर, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण आणि घरी सोडायला गाडी सगळं मोफत. तरी नवऱ्याच्या हातात बाहेरून आणायची चिठ्ठी पडते आणि तो बिचारा रात्री दोनला मेडिकल शोधत फिरतो, कधी बायकोच्या कानातलं गहाण टाकून. अशा वेळी भांडू नका, इंडेंट बुकात (वॉर्डासाठी औषधं मागवायची वही) औषधाचं नाव, तारीख, वेळ आणि "स्टॉक नाही" असं लिहून सही घ्या, सही नाही दिली तर तेही लिहा. तोंडी तक्रार दुसऱ्या दिवशी विरून जाते पण वहीतल्या ओळीला कधीतरी कुणालातरी उत्तर द्यावं लागतं. माझं सगळं शिक्षण या एका सवयीत आहे असं म्हटलं तरी चालेल.

एचआयव्ही पेशंटच्या पलंगाला पट्टी लावलेली किंवा केसपेपरवर लाल पेननं मोठ्ठं लिहिलेलं दिसलं तर ती पट्टी काढा. २०१७ चा कायदा आहे, भेदभाव करता येत नाही आणि कुणाला काय आजार आहे हे असं जाहीर करता येत नाही. ग्लोव्हज तर आपण सगळ्यांनाच घालायचे असतात ना?

कॅज्युअल्टीला बलात्काराची केस आली की "आधी पोलीस स्टेशनला जा" म्हणून परत पाठवणं सरळ बेकायदेशीर आहे, खाजगी हॉस्पिटललाही मोफत उपचार द्यावेच लागतात. दोन बोटांची तपासणी (बाईला आधी संबंधांची सवय आहे का हे बघायची) सुप्रीम कोर्टानं २०१३ मधेच चुकीची ठरवली, २०२२ मधे तर ती करणाऱ्याला गैरवर्तनाचा दोषी धरायला सांगितलं. त्या खोलीत नर्स हजर असते. तुम्ही हजर असाल. आणि बाथरूममधे पडले म्हणणारी बाई तिसऱ्यांदा आली तर नवऱ्याला बाहेर बसवून एकटीशी बोला. मुंबईत वांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलमधे दिलासा केंद्र याच कामासाठी सुरू झालं, नंतर इतर ठिकाणीही गेलं, जमलं तर जाऊन बघून या.

केईएमच्या सिस्टर्सची गोष्ट तुम्ही ऐकलीच असेल. नोव्हेंबर १९७३ मधे तिथल्याच नर्स अरुणा शानबाग यांच्यावर हॉस्पिटलमधेच हल्ला झाला, आणि १८ मे २०१५ ला त्या गेल्या तोपर्यंत, म्हंजे जवळपास ४२ वर्षं, तिथल्या नर्सेसच्या पिढ्यांनी त्यांना सांभाळलं, इतकी वर्षं अंथरुणाला खिळून एक बेडसोर नाही. लोकांना सेवा तेवढी आठवते. पण हल्ल्यानंतर त्याच नर्सेस सुरक्षिततेसाठी संपावर गेल्या होत्या, आणि पुढं अरुणाताईंना दुसरीकडे हलवायचं ठरलं तेव्हा त्याच आडव्या उभ्या राहिल्या, हे कुणी सांगत नाही. मला सेवा आणि संप या एकाच माणसाच्या दोन गोष्टी वाटतात.

स्वतःच्या हक्काचंही तसंच. जनरल वॉर्डला पाच पेशंटमागे एक नर्स असं नर्सिंग कौन्सिलचं प्रमाण आहे, मी ४६ पेशंटवर दोघींनी नाईट काढलीये, आणि तशा रात्री कुणावर तरी आवाज चढतोच हे मी स्वतःच्या बाबतीत पाहिलंय. म्हणून रिपोर्ट बुकात रोज पेशंट किती, स्टाफ किती ते लिहा. खाजगीत जॉईन होताना ओरिजिनल सर्टिफिकेट देऊन टाकू नका, माझी एका ठिकाणी दीड वर्षं अडकून होती. २०१६ मधे सुप्रीम कोर्टाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीनं ५० पेक्षा कमी बेडच्या हॉस्पिटललाही २०,००० च्या खाली पगार नको म्हटलंय, हा आकडा इंटरव्ह्यूला जाताना डोक्यात असू द्या. आणि संघटनेत जा, एकटीनं बोललं की "ती तशीच आहे" म्हणतात, चाळीस जणींनी सही केली की मीटिंग लागते.

त्रास होतो का, तर होतो. त्या इंडेंटच्या नोंदी महिनाभर साठल्यावर मी वर पत्र दिलं, तीन आठवड्यांत औषधं आली आणि बाहेरच्या चिठ्ठ्या थांबल्या. मला मात्र लेबर रूममधून काढून मेल सर्जिकलला टाकलं, आठ महिने. तिथं ड्रेसिंगचा गॉझ बाहेरून आणायला लावत होते, मग तिथंही वही सुरू केली.