रंग, तरंगलांबी आणि वारंवारिता: या चुका टाळा

जळगाव-धुळ्याकडच्या अकरावी-बारावीच्या वह्यांत एक वाक्य हमखास सापडतं: "तरंगलांबी बदलली की रंग बदलतो." (तरंगलांबी म्हणजे प्रकाशलहरीच्या लगतच्या दोन शिखरांमधलं अंतर.) हे अर्धंच खरं आहे, आणि पुढचा सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो.

हवेत ६५० नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) तरंगलांबीचा लाल प्रकाश घ्या. पाण्याचा अपवर्तनांक, म्हणजे तिथे प्रकाशाचा वेग कितीपट घटतो तो आकडा, १.३३, म्हणून पाण्यात ती ४८९ वर येते. हवेतला ४८९ म्हणजे निळसर हिरवा! मग तापीत बुडी मारून डोळे उघडले तर लाल रुमाल हिरवा दिसेल का? नाही. पाण्यात वेग घटतो, लांबी आखडते, वारंवारिता, म्हणजे सेकंदाला किती लहरी जातात तो आकडा, मात्र तीच राहते आणि रंग तिच्यावर ठरतो. खरं तर डोळ्याच्या आतही पाण्यासारखाच द्रव असतो. दृष्टिपटलावर पोचेपर्यंत प्रत्येक किरणाची लांबी आखडलेलीच असते. म्हणून उत्तरात "हवेतली तरंगलांबी" असंच लिहा.

'तानापिहिनिपाजा' सगळ्यांना पाठ असतं, पण त्या क्रमाने काय वाढतं ते उलटं लिहिलं जातं. तांबडा साधारण ७०० नॅनोमीटर, ४३० टेराहर्ट्झ (टेराहर्ट्झ म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी लहरी). जांभळा ४०० आणि ७५०. वाढते ती वारंवारिता. लांबी मीटरमध्ये, वारंवारिता हर्ट्झमध्ये घेऊन गुणा. सेकंदाला ३० कोटी मीटर, म्हणजे ३ लाख किलोमीटर हा प्रकाशाचा वेग आला नाही तर एककात घोळ आहे. ५८९० अँगस्ट्रॉम म्हणजे ५८९ नॅनोमीटर, हेही लक्षात असू द्या.

सगळ्यात खोलवर रुजलेली चूक वेगळीच आहे: रंग दिसला की त्याची एकच तरंगलांबी सांगून मोकळं होणं. रावेरचं पिकलेलं केळं घ्या. त्याची साल निळा-जांभळा प्रकाश शोषते आणि तांबड्यापासून हिरव्यापर्यंतचा बराचसा परत पाठवते. त्या मिश्रणाला डोळा पिवळा म्हणतो. त्याच केळ्याचा फोटो मोबाईलवर उघडा, पडद्यावर पाण्याचा बारीकसा थेंब ठेवा आणि थेंबातून सालीकडे नीट बघा. तांबडे-हिरवे ठिपके दिसतील, पिवळा एकही नाही. एकाच लांबीच्या जवळचा पिवळा बघायचा असेल तर घरातल्या मोठ्यांसमोर गॅसच्या निळ्या ज्योतीत चिमूटभर मीठ सोडा: तो सोडियमचा, ५८९ नॅनोमीटरच्या आसपासचा.

राणी रंगाला तर स्वतःची अशी तरंगलांबीच नाही. तांबडा आणि निळा-जांभळा एकत्र डोळ्यात शिरले की तो दिसतो. "राणी रंगाची वारंवारिता काढा" असा प्रश्न आला तर प्रश्नच चुकीचा आहे असं बेधडक लिहा.