पुसण्याआधी नोंद करा: शाळेतील समलिंगीद्वेषी लिखाण आणि शिक्षकाचे काम

सकाळी पहिल्या तासाला जाताना मुलांच्या स्वच्छतागृहाच्या दारावर व्हाइटनरने ‘छक्का’ असे लिहिलेले दिसते, त्याखाली एखाद्या मुलाचा हजेरी क्रमांक असतो आणि शिपाईमामा आधीच बादली घेऊन उभे असतात. या वेळी शिक्षकाने सर्वप्रथम शिपाईमामांना पाच मिनिटे थांबवावे. पुसण्यामागचा त्यांचा हेतू चांगलाच असतो, परंतु लिखाण गेले की दुपारी कार्यालयात ‘कुठे आहे, दाखवा’ एवढेच विचारले जाते आणि विषय तिथेच संपतो. म्हणून दोन छायाचित्रे घ्यावीत: एकात संपूर्ण दार व आजूबाजूची जागा ओळखू यावी, दुसऱ्यात अक्षरे स्पष्ट वाचता यावीत. त्या वेळी आणखी एक सहकारी सोबत असावा. तारीख, वेळ, जागा आणि नेमके शब्द दैनंदिनीत लिहावेत. त्यानंतर मात्र एक मिनिटही न दवडता दार पुसून घ्यावे, कारण मधल्या सुटीपर्यंत ते तसेच राहिले तर शाळेने ते स्वतःच प्रदर्शनाला मांडले असे होईल. ही छायाचित्रे शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर कदापि टाकू नयेत. तिथून ती पालकांच्या गटावर पोचायला एक तासही लागत नाही.

नोंदीत शब्द जसाच्या तसा लिहावा. ‘काही अपशब्द लिहिलेले आढळले’ असे सभ्य वाक्य लिहिण्याचा मोह होतो आणि मीही पहिल्या वेळी तसेच लिहिले होते. त्याचा परिणाम असा झाला की वरच्या कार्यालयात तो कागद ‘विद्यार्थ्यांमधील किरकोळ भांडण’ म्हणून नोंदला गेला. ‘गाढव’ हाही अपशब्दच आहे आणि ‘बायल्या’ हाही, पण दुसऱ्या शब्दामुळे मूल शाळेत यायचे थांबते, हा फरक कागदावर दिसला पाहिजे.

बाकावर कर्कटकाने कोरलेली अक्षरे ओल्या फडक्याने जात नाहीत. आमच्या आठवीच्या वर्गात तिसऱ्या बाकावर असे कोरलेले होते. त्या बाकावरचा मुलगा रोज आल्याबरोबर दप्तर नेमके त्या जागी ठेवी आणि दिवसभर कोपर टेकवून वाकड्या अक्षरात लिही. त्याचे अक्षर बिघडल्याची तक्रार मराठीच्या बाईंनी माझ्याकडे केली, म्हणून मला ते कळले; तोवर तीन आठवडे गेले होते. अशा वेळी बाक त्याच दिवशी अडगळीच्या खोलीत हलवावा आणि वर्गातल्या आणखी दोन-तीन बाकांची जागाही सोबतच बदलावी, म्हणजे नेमका कोणता बाक काढला याची चर्चा होणार नाही. पॉलिश पेपर आणि वॉर्निश यांचे काम नंतर सावकाश करता येते.

यानंतर मुख्याध्यापकांची भेट. तिथे बहुतेक वेळा पहिला प्रश्न येतो तो असा: ‘पण तो मुलगा खरंच तसा आहे का?’ या प्रश्नाला उत्तर देऊ नये. ‘हो’ नाही, ‘नाही’ नाही आणि ‘मला माहीत नाही’ हेही नाही. ‘नाही हो, चांगला मुलगा आहे,’ असे आपण सद्भावनेने म्हणालो तर ज्याच्याविषयी ते खरे असेल त्याला आपण वाईट ठरवलेले असते. शांतपणे एवढेच म्हणावे: ‘सर, तक्रार लिखाणाबद्दल आहे, मुलाबद्दल नाही.’ पुढचा सगळा व्यवहार या एका वाक्याच्या कुंपणात ठेवावा. त्या मुलाच्या पालकांना बोलावून घेण्याची सूचना बहुधा त्याच बैठकीत होते. तीही मुलाशी एकांतात बोलल्याशिवाय मान्य करू नये. घरी काय सांगायचे, कोणी सांगायचे आणि सांगायचे की नाही, हे ठरवताना मुलाचे म्हणणे आधी ऐकावे, कारण आपल्या एका फोनमुळे त्याला घरात मार खावा लागू शकतो.

‘मुलंच आहेत, विषय वाढवू नका,’ असे तोंडी उत्तर मिळाले की त्याच दिवशी लेखी पत्र द्यावे. तोंडी सांगितलेले शाळेच्या कार्यालयाला ऐकू येत नाही. पत्र एका पानाहून मोठे नसावे. ‘विषय: शाळेच्या आवारात लैंगिकतेवरून विद्यार्थ्यांना अपमानित करणाऱ्या लिखाणाबाबत’ असा विषय घालून पुढे लिहावे: ‘दिनांक अमुक रोजी सकाळी अमुक वाजता अमुक ठिकाणी पुढील शब्द लिहिलेले आढळले. यामुळे विद्यार्थ्यांमध्ये भीती व लज्जा निर्माण होत आहे. कृपया चौकशी करून केलेली कार्यवाही मला लेखी कळवावी.’ मुलाचे नाव, इयत्ता व हजेरी क्रमांक पत्रात घालू नये. क्रमांक दिसणारे छायाचित्र जोडायचे झाल्यास तो भाग झाकावा. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, सही आणि शिक्का घेतल्याशिवाय लिपिकाच्या टेबलापासून हलू नये. ‘ठेवून जा, सर नंतर सही करतील,’ असे सांगितले गेल्यास तेच पत्र शाळेच्या पत्त्यावर स्पीड पोस्टने पाठवून पोचपावती घ्यावी.

सात दिवस वाट पाहून स्मरणपत्र द्यावे, आणि सातच दिवस का, याला कारण आहे. महाराष्ट्राच्या 1999 च्या रॅगिंग प्रतिबंधक कायद्यात रॅगिंगची व्याख्या बरीच व्यापक आहे: विद्यार्थ्याला शारीरिक किंवा मानसिक इजा पोचवणारे, त्याच्या मनात भीती, लाज किंवा संकोच निर्माण करणारे वर्तन तीत येते आणि चिडवणे, शिवीगाळ यांचा तीत स्पष्ट उल्लेख आहे. शैक्षणिक संस्था म्हणजे केवळ महाविद्यालय नव्हे, तर कोणत्याही नावाने ओळखली जाणारी, शिक्षण देणारी संस्था, असे त्यात म्हटले आहे. या कायद्याच्या कलम 6 नुसार विद्यार्थी, पालक किंवा शिक्षक यांपैकी कोणीही लेखी तक्रार केल्यास संस्थाप्रमुखाने सात दिवसांच्या आत चौकशी करावयाची असते, आणि त्यात कसूर केल्यास कलम 7 नुसार त्याने त्या गुन्ह्याला साहाय्य केले असे मानले जाते. हे कलम पहिल्या पत्रात घालू नये असे माझे मत आहे. तक्रार प्रथमदर्शनी खरी आढळल्यास आरोपी विद्यार्थ्याचे निलंबन आणि पोलीस ठाणे हाच त्या कायद्याचा रस्ता आहे, आणि भिंतीवर लिहिणारा तेरा वर्षांचा मुलगाही आपलाच विद्यार्थी असतो. स्मरणपत्रात मात्र त्याचा एका ओळीत उल्लेख करावा. आमच्याकडे त्या एका ओळीनंतर पाचव्या दिवशी चौकशीची बैठक लागली.

‘आमच्या संस्थेत असले बेकायदेशीर प्रकार चालत नाहीत,’ असे उत्तर संस्थाचालकांकडून आल्यास त्यांना नम्रपणे आठवण द्यावी की सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने 6 सप्टेंबर 2018 रोजी प्रौढ व्यक्तींमधील संमतीचे संबंध समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या भारतीय दंड संहितेच्या कलम 377 च्या कक्षेतून वगळले, आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलमच नाही. तरीही याच मुद्द्यावर वाद लांबवू नये. तक्रार कोणाच्या संबंधांविषयी नसून दारावरच्या व्हाइटनरविषयी आहे.

शाळेत दाद न मिळाल्यास जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षकाने केंद्रप्रमुख व गटशिक्षणाधिकारी यांच्यामार्फत, तर खासगी माध्यमिक शाळेतील शिक्षकाने शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांच्याकडे आधीच्या पत्रांच्या प्रती जोडून जावे. आठवीपर्यंतच्या मुलांसाठी शिक्षण हक्क कायदा 2009 चे कलम 32 उपयोगी पडते: स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार केल्यास तीन महिन्यांत निर्णय अपेक्षित असतो आणि त्यावर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. फाइल कुठे अडली हे कळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करावा. महाराष्ट्रात तो 150 शब्दांत आणि एकाच विषयावर असावा लागतो, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप पुरतो. त्यात ‘कारवाई का केली नाही?’ असे न विचारता ‘अमुक आवक क्रमांकाच्या पत्रावर झालेल्या कार्यवाहीची व टिपणीची प्रत द्यावी’ असे मागावे. ‘का’ला उत्तर टाळता येते, प्रतीला सहसा टाळता येत नाही.

एका गोष्टीत मात्र सात दिवस थांबण्याची मुभा नाही. चिडवण्याच्या निमित्ताने मुलाच्या अंगाला हात लावला गेला असेल, त्याचे कपडे ओढले गेले असतील, किंवा लैंगिक छळाची शंका असेल, तर बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे आणि त्यासाठी मुख्याध्यापकांच्या परवानगीची गरज नाही. 1098 ही बालकांसाठीची मदतवाहिनी अशा वेळी हाताशी असावी.

स्वतःचीही काळजी घ्यावी. शिक्षणसेवकाच्या किंवा परिवीक्षेच्या काळात असलेल्या शिक्षकाने एकट्याच्या सहीने पत्र देण्याऐवजी एखाद्या कायम सहकाऱ्याची सही सोबत घ्यावी. वर्तमानपत्राकडे जाण्याची घाई करू नये. त्यामुळे सेवाशर्तींचा बडगा उगारायला निमित्त मिळते आणि बातमीत शाळेचे नाव आले की मुलाला ओळखायला गावाला वेळ लागत नाही. खासगी शाळेत बडतर्फी किंवा पदावनती झालीच, तर खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींविषयीच्या 1977 च्या कायद्याखाली शाळा न्यायाधिकरणाकडे 30 दिवसांत अपील करता येते.

वर्गाशी बोलायचे ते आठवडाभराने. हस्ताक्षर जुळवण्यासाठी सगळ्यांच्या वह्या मागवणे, सर्वांना उभे करून ‘कोणी लिहिले?’ असे दरडावणे, हे प्रकार टाळावेत, कारण अशा वेळी चाळीस जोड्या डोळे लिहिणाऱ्याकडे वळत नाहीत, ज्याच्याविषयी लिहिले त्याच्याकडे वळतात. त्या तासाला मी फळ्यावर काहीच लिहिले नाही. पुरुष-पुरुष किंवा स्त्री-स्त्री यांच्यात प्रेम असू शकते, त्यासाठी ‘समलिंगी’ हा साधा शब्द आहे आणि दुसरा कोणताही शब्द या वर्गात चालणार नाही, एवढे सांगून नेहमीचा धडा सुरू केला. कोरणारा मुलगा पुढे स्वतःहून सापडला. आपल्याला कोणी तसे म्हणू नये म्हणून त्याने आधीच दुसऱ्याचे नाव कोरले होते. सुटीत त्याने माझ्यासोबत तो बाक घासला.

ज्याच्याविषयी लिहिले त्या मुलाशी वेगळे बोलावे, पण ‘तू आहेस का?’ असे विचारू नये. ‘ते काढले आहे, मी तक्रार दिली आहे, त्यात तुझे नाव नाही,’ ही तीन वाक्ये पुरतात. त्याला पुढे बोलावेसे वाटले तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक आणि समलिंगी व्यक्तींसाठी काम करणारी मुंबईतील हमसफर ट्रस्ट ही 1994 पासूनची संस्था यांची माहिती द्यावी. चिठ्ठीवर लिहून देऊ नये, कारण चिठ्ठी घरी दप्तरात सापडते.

कागदपत्रांची एक प्रत घरी ठेवावी. मूल दहावी होऊन शाळेबाहेर पडले आणि प्रकरणही मिटले की छायाचित्रे फोनमधून आणि मेघसाठ्यातूनही (क्लाउड) काढून टाकावीत. पत्रे मात्र ठेवावीत; त्यांत त्याचे नाव नाही.