पुठ्ठ्याचा धंदा आणि माझी प्रार्थना

नाशिकच्या अंबडला माझं पुठ्ठ्याच्या खोक्यांचं छोटं युनिट आहे. माल बहुतेक द्राक्षांच्या पॅकहाऊसना जातो, त्यामुळे जानेवारी ते एप्रिल मान वर करायला फुरसत नसते. आमच्या चर्चच्या मंडळीतली तरुण मुलं-मुली उपासनेनंतर थांबवून विचारतात, "ताई, विश्वास सांभाळून धंदा होतो का?" दारात उभ्या उभ्या याचं उत्तर देता येत नाही, म्हणून लिहितेय.

माझं लहानपण नाशिकमधल्याच शरणपूरचं. एकोणिसाव्या शतकात इथल्या मिशनमध्ये गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकी मुलं राहत. ती प्रार्थना शिकत, तसंच सुतारकाम आणि लोहारकामही शिकत. आफ्रिकेत फिरलेला मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टन याच्या पार्थिवासोबत 1874 मध्ये इंग्लंडला पोचलेला जेकब वेनराइट त्यांच्यातलाच. प्रार्थना आणि हत्यार एकाच आवारात नांदत होती. मी धंद्यात पडले आणि दोघांची फारकत केली. सकाळी ऑफिसात पाच मिनिटं डोळे मिटायचे, मग दिवसभर बाकीचे करतात तेच करायचं.

तिसऱ्या हंगामात याची झळ लागली. पाच प्लायच्या, म्हणजे पाच थरांच्या खोक्यांसाठी मी 22 बीएफचा कागद सांगितला होता. बीएफ म्हणजे बर्स्ट फॅक्टर, फुटण्याआधी कागद किती दाब सोसतो त्याचं माप. आलेल्या रिळांची खोकी बनवून झाली आणि मग बर्स्टिंग टेस्ट घेतली, तर कागद जेमतेम 18 चा निघाला. दुसऱ्या दिवशी सकाळी 3,000 खोकी द्यायची होती. दिसायला माल झकास होता, छपाईही सुरेख. पण द्राक्षं शून्य अंशाच्या आसपास आणि 90 टक्क्यांहून जास्त दमटपणात ठेवतात. पुठ्ठा ओल ओढतो, मऊ पडतो आणि पॅलेटच्या तळातली खोकी वरच्या वजनाने बसतात. हे कळतं आठवड्यांनी, दूरच्या बंदरात. तोवर आपलं बिल निघालेलं असतं आणि मार खातो तो बागाईतदार.

त्या रात्री मी प्रार्थना केली, "प्रभू, एवढा लॉट निभावून ने." आमेन म्हणता येईना. मी देवाला लबाडीत भागीदार व्हायला सांगत होते. खोट्या तराजूचा देवाला वीट आहे हे बायबलमधलं नीतिसूत्रे 11:1 मी लहानपणी पाठ केलं होतं. माझ्या धंद्यातला तराजू म्हणजे ते टेस्टिंग मशीन. अकरा वाजता पॅकहाऊसच्या मालकांना फोन लावला आणि आकडा सांगितला.

त्यांनी दुसरीकडून चढ्या दराने खोकी उचलली आणि फरक माझ्या बिलातून कापला. पुढच्या वर्षी माझी ऑर्डर निम्म्यावर आली. प्रामाणिक राहिलात की देव दुप्पट देतो, असं मी तुम्हाला सांगणार नाही, कारण माझ्या बाबतीत तसं झालं नाही. मात्र तेव्हापासून रीळ उतरवतानाच नमुना कापून टेस्ट घेते. आणि गाडी गेल्यावर फोन वाजला तर पोटात गोळा येत नाही.

प्रार्थनेची माझी रीतही बदलली. राजाने "तुला काय हवं?" असं विचारल्यावर बायबलमधल्या नहेम्याने उत्तर देण्याआधी मनातल्या मनात प्रार्थना केली (नहेम्या 2:4). दर सांगण्याआधी, कुणावर आवाज चढवण्याआधी मी तेवढंच थांबते. सर्वांत जास्त "उद्या नक्की पाठवते" म्हणण्याआधी, कारण आमच्या धंद्यातलं बहुतेक खोटं तारखांचं असतं.

प्रीती म्हणजे उधारी सोडून देणं, असं समजू नका. मी तसं समजत होते आणि एका मोठ्या गिऱ्हाइकाकडे पाच महिने पैसे अडकले. आधी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करून घ्या. 2006 च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगांना लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या आत पैसे मिळायला हवेत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागू होतं. मी मत्तय 18:15 प्रमाणे आधी एकटी जाऊन बसले, शांतपणे बोलले, मग पत्र दिलं. तक्रार करायची वेळ आली नाही, पण आली असती तर मी केली असती. ते पैसे माझ्या कामगारांच्या पगाराचे होते.

कामगारांचा विषय मला सर्वांत जवळचा. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याकडे राहू देऊ नये, असं लेवीय 19:13 सांगतं. आमच्याकडे शनिवारी संध्याकाळी आधी त्यांचे पैसे निघतात, माझे नंतर. माझ्याकडचे बहुतेक जण हिंदू, काही मुसलमान. सकाळच्या प्रार्थनेला बसायची सक्ती कुणालाच नाही. दसऱ्याला ते मशीनला हार घालतात, पेढे मी आणते.

गेल्या हंगामात एकदा दुपारपर्यंत वीज नव्हती. काही मुलांना मी तीननंतर बोलावलं आणि सगळ्यांना पूर्ण दिवसाची हजेरी दिली. शिलाई मशीनवरचे जुने काका सकाळी आठपासून येऊन बसले होते. ते रुसले. मी त्यांना मत्तयाच्या विसाव्या अध्यायातला द्राक्षमळ्याच्या मालकाचा दाखला सांगितला. तासाभराच्या मजुरालाही त्याने दिवसाचा दिनार दिला होता. काकांचं गाव निफाडकडचं, बागेतली मजुरी करूनच ते शहरात आलेले. ऐकून म्हणाले, "मालक भला होता, ताई. पण सकाळपासून उन्हात राबलेल्याला त्याने निदान पाणी तरी विचारायचं."

मी त्यावर काही बोलले नाही. पुढच्या शनिवारी त्यांचा दर वाढवला.