कामकाजाचे दिवस मोजताना या चुका टाळा

‘शनिवार-रविवार वगळले की झालं’ असं धरून लिहिलेला कोड मुंबईत जानेवारी २०२४ मध्ये तोंडघशी पडला असता. शनिवारी, २० तारखेला शेअर बाजार चालू होता. सोमवारी, २२ तारखेला राज्य सरकारनं ऐन वेळी जाहीर केलेल्या सुट्टीमुळे बंद. ओळीनं दोन्ही दिवस चूक! २०२३ मध्येही बकरी ईदची सुट्टी २८ जूनवरून २९ वर गेली आणि महिन्याची एक्स्पायरी, म्हणजे फ्युचर्स-ऑप्शन्सचे करार संपण्याचा दिवस, एक दिवस अलीकडे आली.

तेव्हा सुट्ट्यांची यादी कोडमध्ये कोंबू नका, टेबलात ठेवा. रात्री परिपत्रक आलं तर सॉफ्टवेअरच्या पुढच्या रिलीजची वाट न पाहता बॅकऑफिसला ती बदलता आली पाहिजे. जुनी नोंद मात्र पुसू नका. बदल कधी झाला हेही साठवा, नाहीतर गेल्या महिन्याचं व्याज कुठल्या यादीवर काढलं याचं उत्तर ऑडिटरला देता येणार नाही.

सगळीकडे एकच कॅलेंडर लावणं ही त्याहून महागडी चूक. १ एप्रिलला बँका वार्षिक हिशेबासाठी बंद, बाजार चालू असू शकतो. बँकांना दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी, पाचवा नाही. (पाचवा शनिवार टेस्टमध्ये घालायचा राहतोच.) आरटीजीएस, म्हणजे बँकांमधून मोठ्या रकमा लगेच पाठवायची सोय, डिसेंबर २०२० पासून चोवीस तास, म्हणून रविवारी पैसे जातात, शेअर्सचं टी प्लस वन सेटलमेंट (सौद्याच्या पुढच्या कामकाजाच्या दिवशी होणारी देवघेव) मात्र रविवार मोजत नाही. फंक्शनला कॅलेंडर सांगणं सक्तीचं करा, डिफॉल्ट ठेवूच नका.

उत्तर एका दिवसानं चुकतंय? आधी दोन्ही टोकं बघा. सुट्टी नसलेल्या आठवड्यात सोमवार ते शुक्रवार एक्सेलचं नेटवर्कडेज हे फंक्शन ५ सांगतं, पायथनमधल्या नमपाय लायब्ररीचं बसडे-काउंट ४, कारण ते शेवटचा दिवस धरत नाही. एक्सेलवरून पायथनकडे जाताना हा फरक हमखास निसटतो.

आणि चूक फक्त रात्रीच्या बॅचमध्येच येत असेल, तर सर्व्हरचं घड्याळ तपासा. ते यूटीसीवर, म्हणजे भारतापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेवर असेल तर मुंबईत सोमवारची पहाट साडेपाचपर्यंत त्याच्या लेखी रविवारच असते. तारीख काढण्याआधी वेळ भारतीय वेळेत बदलून घ्या, नंतर नव्हे.